नायगारा आणि पाऊण लिटर पाणी

"क्रिएटिनिन अकरा आलंय," बारामतीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवत सांगितलं. "दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. डायलिसिस आजच सुरू करावं लागेल."

क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. किडनी धड असली की तो लघवीतून जातो, नसली की अंगातच साठत राहतो. डायलिसिस म्हणजे मशीननं रक्त गाळून परत अंगात सोडायचं. हे सगळं मला मागाहून कळलं. त्या दिवशी मी एवढंच विचारलं, की गोळ्यांनी भागणार नाही का. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आमचे मालक माझ्याकडं न बघता म्हणाले, "मग नायगाऱ्याचं कसं?"

डॉक्टरांना काही उमगलं नाही. मला मात्र तिथंच रडू फुटलं.

आमची लेक रूपाली कॅनडात नोकरीला आहे. नायगारा तिच्या घरापासून गाडीनं दोन तासांवर. तिनं एकदा तिथला व्हिडिओ पाठवला होता. आम्ही शेळगावची माणसं, ढोबळी मिरची आणि टोमॅटो करणारी. कालव्याच्या पाळीनं पाणी घेण्यात मालकांचा जन्म गेला. त्यांनी तो परत परत लावून बघितला आणि म्हणाले, "एवढं पाणी पडतंय, आन् खाली कुणाचीच पाळी न्हाय?" तेव्हापासून त्यांनी तिथं जायचा ध्यासच घेतला. पासपोर्टसुद्धा काढून झाला होता.

पायाला सूज वर्षभर येत होती. वाफ्यात उभं राहून येत असेल, असं आम्ही धरून चाललो. गुडघे दुखायचे म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणून खायचे, कुणाला न विचारता. त्या गोळ्यांनीच घात केला असणार, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्या घरात कुणाच्या पायावर सूज असली तर बायांनो, आमच्यासारखं अंगावर काढू नका. रक्त तपासून घ्या.

आठवड्यातून तीनदा बारामती, दर खेपेला चार तास मशीन. त्याची सवय झाली. सवय झाली नाही ती पाण्याची. लघवी बंद, त्यामुळं प्यायलेलं सगळं अंगातच राहायचं. दिवसाला पाऊण लिटर, त्यातच चहा आणि त्यातच आमटी. मी सकाळी बाटली मापानं भरून ठेवायची. चूळ भरता भरता ते घोट गिळताना दिसले तेव्हा मी त्यांना नाही नाही ते बोलले. आणि मग न्हाणीत जाऊन मीच रडले. नवऱ्याच्या पाण्यावर पहारा करायची वेळ वैऱ्याच्या बाईवर पण येऊ नये.

मग डॉक्टरांनी एक आशा दाखवली. ड्राय वेट म्हणून एक गोष्ट असते. साठलेलं पाणी काढल्यावर उरतं ते खरं वजन. डॉक्टर म्हणाले, "हृदय थोडं कमजोर आहे. पण दोन डायलिसिसच्या मधे वजन दोन किलोच्या वर जाऊ दिलं नाही, असे सहा महिने काढलेत, तर तिकडे सोय करून जाता येईल."

माणूस बदलला की हो! बाटलीत घोटभर शिल्लक ठेवायला लागले. तहान लागली की लवंग तोंडात धरून बसायचे. मशीनवर पडल्या पडल्या तोच व्हिडिओ लावायचे. तिथली सिस्टर चेष्टा करायची, "तात्या, ह्यातलं पाणी वजनात धरू का?" रूपालीनं सांगितलं होतं की बोटीतून धबधब्याजवळ नेतात, अंगावर घालायला रेनकोट देतात. हे म्हणाले, "मी न्हाय घालणार. अंगावर घेतलेलं पाणी डाक्टर मोजत न्हाईत."

सहा महिने झाले. डॉक्टरांनी पत्र दिलं, रूपालीनं तिकडं डायलिसिसची वेळ ठरवली, बुधवारची तिकिटं आली.

त्याआधीच्या रविवारी मी चूक केली. रूपाली सोडली तर आमच्या भावकीतलं विमानात बसणारं हे पहिलंच माणूस. मी म्हणाले, "सगळ्यांच्यात जाऊन निरोप घ्या. न्हायतर मागनं बोलत्याल." मी बॅगा भरत बसले आणि ते धाकट्या दिरांच्या गाडीवर गेले.

लांब निघालेल्या माणसाला आमच्याकडं कोरड्या तोंडानं सोडत नाहीत. आधी पाण्याचा तांब्या, मग चहा. पाणी नको म्हणणं म्हणजे त्या घराला नको म्हणणं. सहा महिने घोट घोट राखलेल्या माणसाला अकरा घरांनी मायेनं पाणी दिलं. एका घरी ताक, एका घरी मसाला दूध. दिरांनी अडवलं तर म्हणाले, "उद्या सकाळी मशीन हायच की. जाईल निघून."

संध्याकाळी जोत्यावर बसले ते उठेनात. आडवं झालं की श्वास कोंडायचा, बसलं की खोकला. बारामतीला पोहोचेपर्यंत ओठ निळे पडले होते. पल्मनरी एडिमा, म्हणजे फुफ्फुसात पाणी भरलं होतं. मशीन लावलं की बीपी खाली जायचं, काढलं की पाणी चढायचं. हृदयाला ते झेपत नव्हतं.

त्या अकरा घरांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलं होतं? आम्हीच आजार झाकून ठेवला. मशीनवर आहेत, एवढंच लोकांना माहीत होतं. पाणी विष झालंय हे आम्ही बोललो नाही, लाज वाटायची. तुम्ही लाजू नका. दारोदार सांगा. आता आमच्या भावकीत तांब्या पुढं करण्याआधी विचारतात, "पाणी चालतं ना?" त्या माणसांचे माझ्यावर उपकारच आहेत.

आयसीयूत ते तीन दिवस पाणी मागत होते. मास्क बाजूला करून बोटानं तोंडाकडं खूण करायचे. मी नुसता ओला कापूस ओठांवर फिरवायची आणि हात मागं घ्यायची.

बुधवारी सकाळी डॉक्टर आले. मॉनिटरकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "आता त्यांना पाणी द्या. हवं तेवढं द्या."

पहिल्यांदा मला आनंद झाला. खरंच सांगते, वाटलं सुधारले. मग सिस्टरकडं बघितलं. ती डोळे पुसत होती.

मी पेल्यात पाणी घेतलं आणि चमच्यानं पाजलं. तीन चमचे गेले. चौथा ओठांच्या कडेनं खाली आला. त्यांनी माझा हात धरला, पेला बाजूला सारला आणि डोळे मिटले. दुपारी गेले.

रूपालीचा फोन आला तेव्हा ती विमानतळावर होती, इकडं यायला निघालेली. रडत रडत तिनं एकच विचारलं, "आई, तात्यांना पाणी दिलंस ना गं?"

"दिलं," मी म्हणाले. "पोटभर प्याले."