सी-काकूंची समोरची खोली

सी-काकू कुठलीही गोष्ट पूर्ण उघडत नसत. कपाटातल्या थप्पीतून नेमकी मधली साडी अशी ओढायच्या, की वरच्या-खालच्या साड्यांना पत्ताही लागू नये. पापडाच्या डब्याचं झाकण बोटभर वर करून आत हात घालायच्या आणि हवे तेवढेच पापड बाहेर यायचे. मी पेन शोधायला अख्खी पर्स टेबलावर पालथी केली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "काऊन सगळं उपसून राह्यली? तुले पाह्यजे एक ना?" हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं आहे की आजही पर्समध्ये हात घालताना जरा जपूनच घालते.

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे आमचा कॉम्प्युटर क्लास. काकू गणितात एम.एस्सी. झालेल्या. नागपुरात शिकताना त्यांना कॉम्प्युटरच्या सी भाषेची गोडी लागली आणि लग्नानंतरही ती सुटली नाही. गल्लीत काकू पुष्कळ, म्हणून या सी-काकू. बी.एस्सी. करून घरी बसले होते तेव्हा मी पिपरी मेघेहून सायकलवर त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले, आणि पुढे तिथेच नव्या मुलामुलींना शिकवायलाही लागले. काकू कणीक मळता मळता बाहेर यायच्या, पिठाचे हात लांब धरून स्क्रीनकडे बघायच्या आणि चूक सांगून परत आत जायच्या. स्क्रीनवर चुकांची रांग पाहून एखादी मुलगी रडकुंडीला आली की म्हणायच्या, "रडते कायले? कंपायलर काई तुही सासू नाई. चूक कुठं हाये ते तरी सांगते."

त्यांचं माहेर कारंज्याचं, हायवेला लागून धान्याची आडत. वडिलांचं नाव काढलं की हमखास परखी यायची. परखी म्हणजे पोत्यात खुपसून दाणे काढायची टोकदार नळी. "बाबानं भाव सांगाले कधी पोतं सोडलं नाई. परखी घातली, मूठभर दाणे हातावर घेतले, झालं," असं त्या कौतुकानं सांगायच्या. काकूंच्या सगळ्या प्रोग्रॅमिंगचं मूळ माझ्या मते तिथेच होतं.

कारण त्यांचा जीव होता झिप फायलींवर. झिप म्हणजे पुष्कळ फायली दाबून बांधलेलं एक गाठोडं, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. साधी रीत अशी, की गाठोडं आधी सोडायचं, सगळ्या फायली डिस्कवर पसरायच्या आणि मग हवी ती वाचायची. पण आमच्या मशीनची डिस्क एवढीशी, पसरायला जागाच नाही. आणि जागा असती तरी काकूंनी पसरू दिलं नसतं. त्यांनी सीमध्ये असा प्रोग्रॅम लिहायला घेतला, की तो गाठोडं बांधलेलंच ठेवील, कुठली फाइल आत कुठे आहे ते पाहील, थेट तिथे उडी मारील आणि तेवढीच एक फाइल मेमरीत सोडवून वाचून दाखवील. दाबलेलं सोडवणारा कोड कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर फुकट मिळाला होता. बाकीचं सगळं काकूंचं.

त्यातल्या एका गोष्टीवरून आमचं वाजलं होतं. माझं म्हणणं, वाचणाऱ्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या तुकड्याला, सरळ फाइलचं नाव द्यावं. काकू म्हणायच्या, नाव विचारायचंच नाही, फक्त मजकूर घ्यायचा, मग तो डिस्कवरून येवो की मेमरीतून. "दारात आलेल्याले आधी पाणी द्या लागते. कोणत्या गावचा हे मग विचारता येते." मला तो नसता घोळ वाटला होता.

या घरातली दुसरी गंमत म्हणजे मोठे काका, काकूंचे भासरे, म्हणजे थोरले दीर. जुन्या व्यापारी घराची रीत अशी, की धाकट्या सुनेनं भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. काकू पोरांना सीमधले अवघड पॉइंटर शिकवत, पण ही रीत त्यांनी कधी मोडली नाही. मोठ्या काकू लवकर गेल्या होत्या. काकूंचे यजमान बँकेच्या नोकरीत कायम परगावी, रविवारपुरते घरी यायचे, आणि घरातला नाजूक विषय निघाला की दोघे भाऊ पेपर वर धरायचे. मग मधला माणूस कोण, तर मी. तिघं एकाच खोलीत बसलेलो असायचो. काकू मला म्हणायच्या, "विचार त्यायले, चहा मांडू का?" मोठे काका खिडकीकडे बघत म्हणायचे, "सांग तिले, साखर कमी टाक." दोघांनाही सगळं स्वच्छ ऐकू आलेलं असे. तरी मी निरोप पोचवल्याशिवाय चहा चुलीवर चढायचा नाही.

मग वर्धेत मोठमोठे एसीवाले क्लास निघाले आणि आमची पोरं तिकडे वळली. त्याच सुमारास मोठ्या काकांच्या गोलूचं कॉलेज संपलं. त्याला मोबाइल रिचार्जचं दुकान टाकायचं होतं आणि त्याचा डोळा साहजिकच रस्त्याकडच्या खोलीवर होता. "सांग तिले," मोठे काका एका संध्याकाळी म्हणाले, "खोलीचा काई उपयोग दिसत नसन, तर दिवाळीपासून पोराले देऊ." त्या खोलीबाहेर काकू कोणाची तरी सून होत्या, कोणाची तरी वहिनी. सी-काकू फक्त त्या खोलीत होत्या. मग त्या मला म्हणाल्या, "सांग त्यायले, मातीवाल्याइचं काम आलं हाये. ते जमलं तर खोली राहू द्या. नाई जमलं तर दिवाळीच्या आधी कॉम्प्युटर मीच आत नेईन."

मातीवाले म्हणजे जवळचं एक माती परीक्षण केंद्र. गावोगावच्या शेतांचे अहवाल त्यांनी झिप करून सीडीवर ठेवले होते. कोणी जुना अहवाल मागायला आला की ऑपरेटर सीडी सोडवत बसे, डिस्क भरे, आणि माणसाला "पुढच्या आठवड्यात या" म्हणून परत पाठवलं जाई. काकूंचा प्रोग्रॅम नेमका याच दुखण्यावरचा.

ठरल्या दिवशी केंद्राचे साहेब सीडी घेऊन घरी आले. सोबत कारंज्याकडचे एक शेतकरी होते. त्यांना संत्र्याची बाग लावायची होती, कलमं सांगून झाली होती, आणि लावण्याआधी शेताचा जुना अहवाल बघायचा होता. मोठे काका खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. काकूंनी पदर सारखा केला, गावाचं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं. उत्तर आलं, फाइल नाही. पुन्हा टाइप केलं. फाइल नाही.

"सीडी तर हीच आहे," साहेब म्हणाले.

"सांग तिले," मोठे काका खाकरून म्हणाले, "होत नसन तर साहेबाचा टाइम खाऊ नको."

मी काही सांगितलं नाही. काकूंनी आत काय काय आहे त्याची नावं स्क्रीनवर काढली होती आणि त्या एका नावावर बोट ठेवून थांबल्या होत्या. ऑपरेटरनं प्रत्येक तालुक्याची वेगळी झिप बांधली होती आणि मग त्या सगळ्या मिळून एका मोठ्या झिपमध्ये कोंबल्या होत्या. गाठोड्यात गाठोडं! साहेब म्हणाले, सगळं सोडवून घ्या ना एकदाचं. काकूंनी मान हलवली. "डिस्क भरन. थांबा जरासाक."

आणि त्या लिहायला लागल्या. आतलं गाठोडं मेमरीत घ्यायचं आणि त्याच फंक्शनच्या हाती पुन्हा द्यायचं, एवढंच. त्या फंक्शनला हे कुठून आलं याची फिकीर नव्हतीच. मी मागे उभी होते. माझ्या म्हणण्याप्रमाणे केलं असतं तर आज ते फंक्शन डिस्कवरच्या फाइलचं नाव मागत अडून बसलं असतं, हे मला लख्ख दिसत होतं. काकूंचा पदर खांद्यावर घसरला. त्यांना कळलं नाही. टेबलावरचे कागद फडफडायला लागले, तशी स्क्रीनवरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "भाऊजी, तो पंखा बंद करा बरं, कागद उडून राह्यले."

मी वळून पाहिलं. मोठे काका उठले. मुकाट्यानं बटणाशी गेले, पंखा बंद केला आणि परत येऊन बसले. कंपायलरनं एक चूक काढली, काकूंनी ती दुरुस्त केली, आणि अहवाल स्क्रीनवर आला. शेतकऱ्यांनी प्रिंटरमधून निघालेला कागद साहेबांकडून वाचून घेतला. शेताच्या खालच्या पट्ट्यात चुनखडी फार, संत्रा तिथे टिकला नसता. "बरं झालं बापा," ते काकूंकडे बघून म्हणाले, "मी तं खालीच लावून बसलो असतो." मला इतका आनंद झाला की मी त्या अनोळखी माणसाला एकामागून एक दोन कप चहा पाजला.

सगळे गेल्यावर काकूंना आपण काय बोलून गेलो ते आठवलं. त्या लाजून आत पळाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा "विचार त्यायले" सुरू. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी मला विचारायला लावलं, "विचार त्यायले, खोलीचं काय?" मोठे काका म्हणाले, "सांग तिले, राहू दे." मग दर दिवाळीआधी हाच प्रश्न आणि हेच उत्तर, असा परिपाठच पडून गेला.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली. निघताना पाया पडले तर काकू म्हणाल्या, "उघडलेली फाइल बंद करत जाजो. आन् येत राहजो." मग लगेच चेष्टेवर गेल्या, "आता त्यायच्याशी बोलू कोणाच्या तोंडानं?" आम्ही दोघी हसलो. आजही माझ्या हाताखालची पोरं फाइल उघडून तशीच सोडतात तेव्हा माझ्या तोंडून चक्क वऱ्हाडी निघते.

पुण्याच्या धबडग्यात माझं जाणं कमी झालं. मी गेल्यावरच्या पहिल्याच दिवाळीत काकूंनी क्लास बंद केला, त्या आजारी असतात, एवढं फोनवरून कळत होतं. त्या गेल्याचंही फोनवरच कळलं. मी भेटायला गेले तेव्हा मोठे काका समोरच्या खोलीत एकटे बसले होते. खोली रिकामी होती. ना कॉम्प्युटर, ना दुकान.

"गोलूनं दुकान नाही टाकलं?" मी विचारलं.

"त्याले चौकात गाळा घेऊन देल्ला. ही खोली मी तिलेच देऊन टाकली होती, तो संत्रेवाला आलता ना, त्याच दिवशी." ते म्हणाले. "पण तू गेली, आन् त्या दिवाळीत तिनं सगळं सामान आत नेलं. मले वाटलं, बिमार हाये, कंटाळली असन."

मला एकदम सगळं उमगलं. त्या वर्षी विचारायला मी नव्हते. काकूंनी "राहू दे"ची वाट पाहिली असणार. ते आलं नाही, तेव्हा त्याचा अर्थ "नाही" असा घेऊन, दिलेल्या शब्दाप्रमाणे, त्यांनी खोली मोकळी करून दिली होती. मी मोठ्या काकांना तसं सांगितलं. मला दोघांचाही भयंकर राग आला होता, आणि रडूही येत होतं.

मोठ्या काकांनी रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. मग सवयीनं माझ्याकडे वळले.

"सांग तिले..." ते म्हणाले.