लीलाताईंच्या गॅरेजची फरशी

कल्याणच्या टाइल्सच्या दुकानात लीलाताईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि सेल्समनला म्हणाल्या, "एक तांब्या पाणी आणा." त्याला वाटलं, बाईंना तहान लागलीय. ताईंनी ते पाणी एका चकचकीत टाइलवर ओतलं आणि माझा खांदा धरून वर उभ्या राहिल्या. पाय सरकला. "ही नको. दिसण्यावर जाऊ नये, पायाला विचारावं," म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही तीन दुकानं ओली केली.

आंबिवलीला त्या माझ्या शेजारी राहायच्या. नोकरी पोस्टात झालेली, बोलणं मोजकं, मूलबाळ नाही. त्यांच्या यजमानांना, जाधवकाकांना, विसरण्याचा आजार जडला होता. घरातलं काहीच त्यांना ओळखू येईना, लीलाताईसुद्धा. ओळखीची उरली होती ती फक्त गॅरेजमधली जुनी गाडी. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्टिअरिंगपाशी जाऊन बसत. गाडीची बॅटरी ताईंनी कधीच काढून ठेवली होती.

गॅरेजचा सिमेंटचा कोबा तेल पिऊन पिऊन गुळगुळीत झाला होता. काका एकदा तिथं पडले, कपाळाला टाके घालावे लागले. पुन्हा पडले तर उठणं अवघड, असं डॉक्टरांनी बजावलं.

"गॅरेजला कुलूप लावा ना," मी म्हटलं.

"मग त्यांनी दिवसभर जायचं कुठं?" ताई एवढंच म्हणाल्या.

आधी रबराची काळी मॅट आणली. काका दारातच थबकले. "इथं खड्डा आहे," म्हणाले. ताई स्वतः मॅटवर उभ्या राहिल्या, तर ते जास्तच घाबरले. "बाई, मागं या, पडाल!" मॅट त्याच दिवशी माझ्या घरी आली. मग पांढऱ्या टाइल्स मांडून पाहिल्या, तर काकांनी बूट काढून हातात घेतले, कुणाच्या तरी दिवाणखान्यात शिरल्यासारखे. शेवटी करड्या, खरबरीत पार्किंग टाइल्स ठरल्या.

मिस्त्री हसला. "ताई, एवढं फिरून कोब्यासारखीच दिसणारी घेतली? मग बदललं काय?"

"ह्यांना कळू नये, तेच तर हवंय."

आणि काकांना कळलंच नाही. ते बिनघोर चालत गेले, गाडीत बसले. ताईही शेजारच्या सीटवर बसू लागल्या. काका अदबीनं विचारत, "बाई, तुम्हाला कुठं सोडू?" ताई कधी शहाड म्हणत, कधी विठ्ठलवाडी.

एकदा मी भाजी द्यायला गेले, तर काका वर झोपलेले आणि ताई गाडीत एकट्याच, डोळे पुसत. "आज ठाण्याला सोडतो म्हणाले. पण लगेच परतायचं, बायको घरी वाट बघतेय." मग म्हणाल्या, "वाट बघते, एवढं तरी ठाऊक आहे ह्यांना."

पुढच्या हिवाळ्यात काका न्यूमोनियानं गेले. गाडी भंगारवाल्यानं ओढून नेली. मोकळं गॅरेज बघून कुणी सुचवलं, छान गुळगुळीत लाद्या घाला, क्लासला भाड्यानं जाईल. ताई नको म्हणाल्या. मला एवढंच सांगितलं, "आता पडायचं वय माझं झालं. आणि मला उचलायला कोण आहे गं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी घराची जादा किल्ली माझ्या हातात ठेवली. "सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडी दिसली नाही, तर ये. रोज विचारपूस नको, मला अवघडल्यासारखं होतं."

चहा ठेवण्याआधी मी ती खिडकी बघायचे. गेल्या वर्षी एका सकाळी ती बंद होती. मी किल्ली फिरवून आत गेले. लीलाताई पलंगावर कुशीवर निजलेल्या. अंग गार पडलेलं.

दुपारपर्यंत माणसं जमली, ती मोजकीच. खांदा द्यायला तिघं पुढे झाले आणि एकमेकांकडे बघत उभे राहिले. चौथा खांदा मी दिला.