वरून हिरवी राई

जळालेल्या रानात पाय ठेवायच्या आधी मल्लाप्पाअण्णा चपला काढायचे. दोन्ही चपला एकमेकींवर पालथ्या घालून खाकेत धरायचे आणि काळ्या राखेतून अनवाणी चालायला लागायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा श्रद्धेचा भाग असणार. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग. असा माणूस राखेला पाय लावताना चपला काढणारच. वर शहाणपणा करून मी विचारलंही, "देवाची जागा म्हणून काढता का अण्णा?"

"देव कसला? चपलाला काय कळतंय व्हय?" ते करवादले. "तळपायाला कळतंय, खाली इस्तू हाय का विझलाय ते. वरची राख गार असती, मुळ्या आतनं धुमसत असत्यात. तू काढू नगंस. तुजं पाय शेरातलं हाईत."

शहरातली तर मी होतेच. घर कळंब्याला, ऑफिस मंगळवार पेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. तिथं आम्ही चौघं उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करायचो. डोंगराला वणवा लागून गेला की नेमकं किती रान जळालं, कुठं जास्त, कुठं कमी, हे दाखवणारे नकाशे. पद्धत ऐकायला सोपी आहे. आगीआधीचं चित्र घ्यायचं, आगीनंतरचं घ्यायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. जिथं फरक मोठा तिथं लाल रंग, थोडा तिथं पिवळा, काहीच नाही तिथं हिरवा. मग रानात जाऊन आपला रंग खरा की खोटा हे पाहून यायचं. आजऱ्याच्या पलीकडच्या डोंगरात या पाहणीसाठी वाट दाखवायला जो माणूस मिळाला, ते मल्लाप्पाअण्णा. साठीकडे झुकलेले वनमजूर. हिवाळ्यात हद्दीवरचं गवत जाळून जाळरेषा काढायची, म्हणजे पुढं वणवा आला तरी ती मोकळी पट्टी ओलांडणार नाही, आणि उन्हाळ्यात तो आलाच तर ओल्या फांद्यांनी झोडपून विझवायचा, हे त्यांचं काम. त्यांची आई कन्नड बोलणारी, त्यामुळे वयानं निम्मी असले तरी मला ते 'अक्का' म्हणायचे. मान अक्काचा आणि दटावणी पोरीची, असा आमचा व्यवहार होता.

पहिल्याच दिवशी टॅबवरचा नकाशा मी मोठ्या अभिमानानं त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी, पोळेल की काय अशा बेतानं धरला.

"ह्ये कुनी काढलंय?"

"उपग्रहानं. दर पाच दिवसांनी तो इथून वरून जातो."

"पाच दिसांनी?" त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं, जणू तो आत्ता चाललाच होता. "मंग मधल्या चार दिसांत काय झालं ते त्येला कोन सांगतंय?"

मी हसले. त्या वेळी मला तो विनोद वाटला होता.

त्या नकाशानं माझी चांगलीच फजिती केली. डोंगराच्या पायथ्याला एक मोठा लालभडक तुकडा दिसत होता, सगळ्यात जास्त जळालेला. मी म्हणाले, आधी तिथंच जायचं. अण्णा नकाशाकडे बघत नुसतं "बरं" म्हणाले. भर उन्हात दोन तास तंगडतोड करून आम्ही पोचलो, तर समोर तोडणी झालेला ऊस. पाचट पेटवून दिलेलं, काळंभोर शिवार, आणि मधोमध मोटर सुरू करायला आलेला शेतकरी आमच्याकडे टकामका बघतोय. जंगलाच्या हद्दीची आमच्याकडची रेघ जुनी होती, त्यामुळे त्याचा सगळा फड मी जंगलात घातला होता.

"वाटेतच का नाही सांगितलं?" मी चिडून विचारलं.

"सांगून काय उपेग? कागुद खरा वाटत हुता न्हवं तुला." मग त्या शेतकऱ्याला मोठ्यानं हाक मारून म्हणाले, "पावणं, तुमचा ऊस जंगलात गेला की वो! आता गवं येत्याल राखायला!" दोघं पोट धरून हसले. पाचटाची ही गोष्ट त्यांनी पुढं प्रत्येक वनरक्षकाला, चहावाल्याला आणि बायकोला तिखटमीठ लावून सांगितली. पण त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात नकाशा झाला की सगळ्यात आधी मी तो त्यांच्यापुढे धरायचे. "ह्ये जळालंय. ह्ये न्हाई, ह्यो काळा सडा हाय, नुसता कातळ, बारा म्हैनं काळाच असतोय. ह्ये जळालंय पर कागदापरास जास्त," असं बोट फिरवत ते सांगायचे आणि मी मुकाट्यानं दुरुस्त करायचे. चार वर्षं हे असं चाललं.

दुपारी जेवायला ते मला हट्टानं घरी न्यायचे. पारव्वाकाकी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढता वाढता नवऱ्याची सालटी काढायच्या. "डोंगराचा जाळ इजवाय पळत्यात ह्ये. आनि हितं चूल फुका म्हटलं तर खोकला येतोय ह्येंस्नी." अण्णा खाली मान घालून जेवायचे. हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे पांढरे डाग होते. एकदा मी विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाले, "आगीचं कसलं भ्या? ती दिसती की. म्होरनं येती, आवाज करती. इजल्यावर मातूर भ्या वाटतंय. मानसं घरला जात्यात, आनि ती आत बसल्याली असती."

गावातल्या लोकांशी त्यांची कायम वादावादी. जाळलं की गवत चांगलं फुटतं, असं म्हणून कोणीतरी दरवर्षी काडी लावायचंच. अण्णा कोणाची तक्रार करायचे नाहीत, चावडीसमोर उभं राहून नाव न घेता झाडायचे. "फुटतंय की, कोन न्हाई म्हनतंय? पर टिटवीनं अंडी घातल्याती, ती कुठं उचलून न्हिल? तिला काय पिशवी हाय?"

दोन वर्षांपूर्वीचा मार्च मात्र वाईट होता. आग तीन दिवस हटेना. दोन जाळरेषा ओलांडून ती ओढ्यापर्यंत आली. ओढ्याच्या दोन्ही काठांना दाट, सदाहरित झाडी आहे, तिला गावात राई म्हणतात. वर फांद्या अशा गुंतलेल्या की दुपारीही खाली सावली. राईतूनच गावाची पाण्याची आणि सरपणाची वाट जाते, दिवसभर बायकांची ये-जा असते. आग तिथं येऊन थांबली असं सगळे म्हणाले. माझ्या नकाशातही डोंगर लाल, कड पिवळी आणि राई हिरवीगार. मला तर बरंच वाटलं, एवढं तरी वाचलं म्हणून.

अण्णांनी हिरव्यावर बोट ठेवलं. "ह्ये चुकलंय."

"अण्णा, पानं हिरवी आहेत. उपग्रहाला पानंच दिसतात."

"म्हनूनच चुकलंय. चल."

राईच्या तोंडाशी त्यांनी चपला काढल्या. आत पाऊल टाकलं आणि दहा पावलांवर थबकले. "हितं हात लाव." मी पाचोळ्याच्या राखेवर तळहात टेकला आणि झटकन मागं घेतला. आग विझून आठवडा झाला होता. वर पाखरं बोलत होती, पानं चमकत होती, आणि खाली आग पाचोळ्यातून सरपटत सगळी राई फिरून गेली होती. मोठमोठ्या झाडांची बुडं गुडघ्याएवढी काळी, काहींच्या मुळ्या आतून पोकळ झालेल्या. अण्णांनी एका खोडावर कोयत्याची मूठ आपटली. आवाज भद्द आला.

"वरनं हिरवं दिसतंय, बुडाला कायसुदिक ऱ्हायलं न्हाई. पावसाळ्यात माती भिजली की ही हुबीच्या हुबी पडनार. खालनं बायका जात्यात." मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी हळू, जवळजवळ विनवल्यासारखं विचारलं, "कागदावर तांबडं आलं तर सायेब लोक बघाय येत्याल. धोक्याची झाडं काढत्याल, वाट बंद करत्याल. माजं कोन ऐकतंय? तुजा कागुद ऐकत्यात. रंगवशील न्हवं?"

"रंगवते अण्णा," मी म्हणाले. "नक्की."

ऑफिसात आल्यावर मी तसं सांगितलं. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. म्हणाले, रंग हिशेबातून येतो, हातानं भरायला लागलो तर आपल्या नकाशावर उद्या कोण विश्वास ठेवील? तुझं निरीक्षण शेवटी टिपेत लिही. त्यांचं म्हणणं मला पटलं. हेच मला आज सहन होत नाही. मला ते पटलं. माझ्या हाताला ती ऊब लागली होती, तरी पटलं. अहवालाच्या अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात मी एक ओळ लिहिली: ओढ्याकाठच्या झाडीत जमिनीलगत आग पसरली असण्याची शक्यता आहे, पाहणी व्हावी. नकाशा भिंतीवर लागतो, शेवटचं पान कोण वाचतं? ते मलाही ठाऊक होतं. मे महिन्यात अण्णांचा फोन आला, "अक्का, झालं का?" मी म्हणाले, "पाठवलंय अण्णा." ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. "मंग येत्यालच," ते म्हणाले, आणि कोकमं वाळवलीत, घेऊन जा, असं सांगून फोन ठेवला.

जुलैत, तीन दिवस संततधार लागली असताना, राईतलं एक झाड अण्णांच्या अंगावर पडलं. फोन वनरक्षकाचा होता. तो सांगत होता आणि मी भांड्यांच्या दुकानाच्या जिन्यात उभी होते. खाली कोणीतरी पातेल्यावर नाव घालून घेत होतं, त्या ठक् ठक् आवाजात मला त्याचे शब्द नीट ऐकूच येईनात. दोनदा विचारावं लागलं.

त्यांच्यात जाळत नाहीत. बसवून, हातात लिंग देऊन, विभूती लावून पुरतात. आयुष्यभर आगीशी भांडलेल्या माणसाच्या वाट्याला शेवटी आग आली नाही, एवढंच मला त्या दिवशी बरं वाटलं. पाऊस थांबत नव्हता. खड्ड्यात पाणी साचत होतं आणि चारजण घमेल्यानं ते उपसत होते. पारव्वाकाकींच्या समोर जायचं धाडस मला झालं नाही. बायकांच्या घोळक्यामागं उभी राहिले आणि तशीच परत आले. कोणीतरी बोलताना ऐकलं की अण्णा वाऱ्यापावसाचे रोजच त्या वाटेवर जात होते. का, ते मी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वणवा लागलाच नाही. तरी ठरल्याप्रमाणे मी नवीन चित्रं उतरवून घेतली, वजाबाकी लावली, आणि राई लाल झाली. बुडातून भाजलेली झाडं वर्षभरात वाळली होती, पानं गेली होती, तेव्हा कुठं ते उपग्रहाला दिसलं. कोणी हात लावला नव्हता, रंग हिशेबातूनच आला होता. मी खुर्चीत बसून रडले. साहेब उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

तो नकाशा छापून घेऊन मी पारव्वाकाकींकडे गेले. त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. अण्णांनी काय मागितलं, मी काय कबूल केलं, आणि मग काय केलं नाही. सांगताना मध्ये थांबायचं नाही असं ठरवलं होतं, तशी थांबले नाही. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात पुसले आणि कागद मांडीवर घेतला.

"ह्येच व्हय ते तांबडं?"

"हो काकी."

"म्या लई भांडली ह्येंच्याशी," त्या म्हणाल्या. "वारं सुटलं की कांबळं घिऊन निघायचं, आनि वाटंच्या तोंडाला हुबं ऱ्हायाचं. कुनी आलं की परत लावायचं, वरच्या अंगानं जावा म्हनायचं. लोकं हसायची. म्या म्हटलं, तुमास्नी काय पडलंय? तर म्हनायचं, अक्कानं शबूद दिलाय, कागुद निघालाय. त्यो येस्तवर कुनीतरी हुबं ऱ्हायाला पायजे न्हवं?"

त्यांनी कागदाची घडी घातली, घडीवरून अंगठा फिरवला आणि ती माझ्या हातात दिली.

"ह्यो घिऊन जा बाई. वाट बघनारं मानूस न्हाई आता."