टोपलीखालचं पीठ

काल ह्यांना नेलं. जिथं प्राण गेला तिथं पीठ पसरून, दिवा ठेवून वर टोपली झाकली. गेलेला माणूस पुढं कुठल्या रूपात येणार, ते म्हणे पिठावर उमटतं. आज टोपली उचलताना करपलेल्या वातीचा वास आला आणि मी एकदम धरणगावच्या त्या घरात जाऊन पोचले.

तेव्हा दुसऱ्या दिवशी त्या घराचं आमच्या नावानं खरेदीखत व्हायचं होतं. घर झाडून घ्यावं म्हणून सासूबाई आणि मी बैलगाडीनं गेलो. मला सातवा महिना होता. पाहतो तर माजघरात टोपली पालथी. घर विकणाऱ्या बाईंचा मुलगा आदल्या दिवशीच तापानं गेला होता. आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं. सासूबाईंनी केरसुणी हळूच पदराआड घेतली.

"अक्का, खरेदी पुढं ढकलू," त्या म्हणाल्या.

"नको माय, सही करसूत." बाईंनी टोपली उचलली. "दख, मना पोऱ्याना पाय उमटेल शे. तो आठेच परत येई." आणि इथंच येईल म्हणताना त्यांनी माझ्या पोटाकडं पाहिलं.

मी वाकून पाहिलं. पीठ अगदी सपाट होतं. मला बाईंची भीती वाटली, थोडी चीडही आली.

आज सून म्हणते, "आई, काहीच उमटलेलं नाही."

तिला काय दिसणार. पाऊल स्पष्ट आहे.