भिंतीपलीकडची हाक

माझी मुलगी साडेतीन वर्षांची होती तेव्हा आमच्या घरात एक राक्षस राहत होता. वीतभर उंचीचा, पण आवाज असा की रस्त्यानं जाणारा भाजीवाला कोणी बोलावलं म्हणून गाडी थांबवायचा. आधीची खोली त्या आवाजापायीच सोडावी लागली. लोहाऱ्याला कारखान्यांजवळ दुसरी मिळाली, तेव्हा घरमालकानं बजावलंच होतं, शेजारून एक तक्रार आली की सामान बाहेर.

शेजारी एक बंजारा कुटुंब होतं, मधे एका विटेची भिंत. काका रातपाळी करून सकाळी यायचे आणि दिवसा झोपायचे. काकू शांत बाई. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "पोरीले जरा समजावून सांगा बाई, आमच्या घरी माणूस दिवसा झोपते." मी सांगितलं. लाडानं सांगितलं, धाकानं सांगितलं, गुळाचा खडा देऊन सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. वर कार्टी भिंतीला कान लावून बसायची ती वेगळीच.

एके दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. राक्षस पायरीवर उभा राहिला आणि काकूंच्या दाराकडे तोंड करून किंचाळला, "येडी! ए येडी!"

हातातली ओली चादर मातीत पडली. येडी? आणि तेही काकूंना, ज्यांच्या एका शब्दावर आमची खोली टिकून होती! मी पोरीचा दंड धरला आणि तिला ओढतच त्यांच्या दारात नेलं. काकू बाहेर आल्याच होत्या.

"माफी माग त्यायची!" मी ओरडले.

"काहून? ताई तं रोज म्हणते!"

ताई म्हणजे काकूंची कॉलेजात जाणारी मुलगी. स्वतः शिवी द्यायची आणि दोष दुसऱ्याच्या लेकीवर ढकलायचा! माझा हात उठला. कधी मोठ्यानं न बोलणाऱ्या काकूंनी तो वरच्या वर पकडला.

"मारू नका लेकराले!"

"काकू, मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमाले येडी म्हणते ही!"

"येडी नाही, बाई. याडी. आमच्या बोलीत आईले याडी म्हणते. माही पोरगी मले तशीच हाक मारते, ते ऐकून इनं उचललं."

मी तिचा दंड सोडला. माझी लेक शेजारणीला शिवी देत नव्हती, आई म्हणत होती! खोली वाचली हे डोक्यात शिरायच्या आधी ती 'आई' मला टोचली. खरं सांगते, शिवी परवडली असती.

काकूंनी तिला कडेवर घेतलं. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "याडी म्हणायचं तं हळूच म्हणायचं. बा झोपला ना आत."

राक्षसानं डोळे पुसले. मग जन्मात कधी ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात म्हणाला, "याडी."

"अवं, मी किती दिसापासून हेच सांगून राह्यली तुले," मी फुटलेच, "तं माहं एक आयकलं नाही अन्..."

काकूंच्या खांद्यावरून तिनं मान वळवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आई, हळू. बा झोपला."