लांबट भोकं

खोब्रेकरसर गेल्याचं आमच्या जुन्या नेमबाजांच्या ग्रुपवर कळलं तेव्हा मी पापलेट कापत होते. कापून झालं, हात धुतले, मग 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. महिना उलटला, रडू काही येत नाहीये... खोटं कशाला बोलू?

मुलुंडच्या रेंजवर सरांनी मला रायफल शिकवली, आणि झकास शिकवली, ते नाकारत नाही. नळीच्या आत पीळ असतो, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते, म्हणून सरळ जाते. सर आम्हाला गजाला घट्ट चिंधी लावून तो नळीत ढकलायला लावायचे. गज आपोआप फिरत आत जायचा, आणि एक फेरी पुरी होईस्तोवर किती इंच सरकला ते मोजायचं. आमच्या रायफलींचे सोळा भरायचे. "गोळी लांब असेल तर फेरी कमी इंचांत पुरी व्हायला हवी रे, नाहीतर ती हवेतच झोकांड्या खाते," हे त्यांचंच वाक्य.

राज्य संघाच्या निवडीआधी त्यांनी नव्या गोळ्या मागवल्या, जड आणि लांब. निवडीला एकटी मीच जाणार होते, म्हणून त्या फक्त मला. माझे नेम विखुरले. कागदावर गोल भोकांऐवजी लांबट भोकं पडायला लागली, गोळी आडवी शिरल्यासारखी. सर सगळ्यांसमोर ओरडले, "मनगट आहे की शेवग्याची शेंग? थरथरतेस तू!" सगळे हसले. मला तो धडा तोंडपाठ होता, तरी गज हातात घेऊन मोजावं असं एकदाही सुचलं नाही. सर म्हणतात म्हणजे माझा हातच वाईट. निवडीत वाट लागली. अठराव्या वर्षी रायफल सुटली ती सुटलीच.

ते जायच्या पंधरा दिवस आधी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बोलावून घेतलं. सर पलंगावर, नुसती हाडं.

"अश्विनी, पहिल्याच कागदावर मला कळलं होतं. आपल्या नळीच्या पिळाला ती गोळी झेपत नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"गोळ्या मी निवडल्या होत्या ना. पोरांपुढे कसं सांगणार?..." मग म्हणाले, "माफ कर गं."

"नाही करणार," मी म्हटलं. म्हातारा हमसून हमसून रडला. मी पर्स उचलली आणि घाटकोपरला घरी आले. बरं वाटलं मला, अगदी मनापासून बरं वाटलं.

परवा काकूंचा फोन आला. "ह्यांच्यावर लिहितेयस म्हणे. त्या दिवसाचं तेवढं सोडून लिही हं." सोडलं नाही, काकू. रागवा माझ्यावर.

हात चांगला होता हे कळून आता दीड महिना झाला. तरी काल लेकीनं विचारलं, "आई, चहाचा कप तू नेहमी दोन्ही हातांनी का गं धरतेस?"

"सांडेल ना," मी म्हटलं.