बापूरावांची चुकीची उत्तरं

मला ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं ते बापूरावांमुळे. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणारच आहे. बापूराव म्हणजे कापडी मुंगूस. इथल्या अमेरिकन लोकल चॅनेलवर मुलांच्या मराठी कार्यक्रमात ते पेटी वाजवून गायचे. आत हात उषाकाकूंचा.

शूटिंग शुगर लँड या उपनगरात, काकूंच्या गॅरेजात. मी बापूरावांचे कोट शिवायला जायचे. एक ओळ गायली की हे थांबलेच. "कॉलर टोचते गं बये! गळ्यावर परिणाम होतो." चार वेळा ती कॉलर उसवली मी. काकूंकडे पाहावं, तर त्या छताकडे बघत. हात आत असेपर्यंत त्या स्वतः बोलायच्याच नाहीत. तक्रार करायची तरी कुणाकडे?

माझी शाळा आठवीत सुटलेली. लायसन्सच्या लेखी परीक्षेत दोनदा नापास झाले. सगळं पाठ असायचं, पण स्क्रीनसमोर बसलं की एक अक्षर आठवायचं नाही. इथे गाडी नाही म्हणजे दुधासाठीसुद्धा नवऱ्याची शिफ्ट संपायची वाट पाहायची. तरी एकदा कोट शिवताना सांगून टाकलं, "मी परत नाही जाणार."

बापूरावांनी पेटी मिटली. "बरंय. मीच देतो परीक्षा. चारही बाजूंना स्टॉप साइन, चार गाड्या. आधी कोण जाणार? अर्थात वयाने मोठा! त्याला नमस्कार करायचा, मग आपण निघायचं."

"काहीतरीच काय! आधी आला तो आधी जाणार."

"आणि स्कूलबस लाल दिवे लावून उभी असली तर? हॉर्न वाजवायचा, ‘अभ्यास करा रे’ म्हणायचं आणि पुढे."

"अहो, थांबायचं!" मी ओरडले.

कार्यक्रमातही ते असेच चुकायचे आणि मुलं ओरडून दुरुस्त करायची. शाळेत बाईंसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं मी. या मुंगसाशी महिनाभर भांडले. चूक एकदाही कबूल नाही! "तुझं पुस्तक जुनं असेल," एवढंच.

तिसऱ्यांदा परीक्षेला बसले, तेव्हा प्रत्येक प्रश्नाला आधी त्यांचंच उत्तर ऐकू यायला लागलं. "नाही हो!" मी मोठ्यानं म्हणाले. शेजारचा माणूस दचकला. पण पास झाले.

आता काकूंची बोटं आखडलीत, कार्यक्रम बंद आहे. परवा मीच त्यांना ड्राइव्ह करून डॉक्टरांकडे नेलं. हात नेमका कुठे दुखतो हे दाखवायला त्यांनी बापूरावांना बरोबर घेतलं होतं. परतताना ते काकूंच्या मांडीवर आडवे पडलेले. काकू स्वतःच्या आवाजात म्हणाल्या, "हा इतका गप्प बरा नाही वाटत गं."

लेफ्ट टर्न होता, मी समोरून येणाऱ्या गाड्या आधी जाऊ दिल्या. मनात म्हटलं, काकू, प्रश्न वाचताना अडखळले तरी चालेल, एक दिवस गॅरेजातल्या तुमच्या टेबलामागे मी बसेन, बापूरावांमध्ये हात घालेन आणि एकही उत्तर बरोबर देणार नाही. तुम्ही समोर बसून ओरडायचं.